शीर्षकातली मोठी अक्षरं आणि आपली नावं
(कार्यकर्त्यांच्या लेखन-शिबिरात केलेलं भाषण)



एम.एस.डब्ल्यू.चा माझा प्रबंध मार्गदर्शकांनी परत दिला, तेव्हा संदर्भसूची लाल शाईने भरली होती. आशयाबद्दल एक शब्द नाही. सगळ्या खुणा पुस्तकांच्या नावांतल्या अक्षरांवर! आपल्या देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत. पण इंग्रजीत अहवाल, निबंध लिहायची वेळ आपल्यावर येतेच. म्हणून हे नियम समजून घेऊ.

ताराबाई शिंदे यांचं १८८२ सालचं ‘स्त्री पुरुष तुलना’ घ्या. रोझलिंड ओ’हॅन्लन यांचा इंग्रजी अनुवाद १९९४ साली आला : ‘अ कम्पॅरिझन बिट्वीन विमेन अँड मेन’. मजकुरात हे नाव लिहिताना ‘कम्पॅरिझन’, ‘विमेन’, ‘मेन’ यांचं पहिलं अक्षर मोठं, मधल्या ‘अँड’चं लहान. सुरुवातीचा ‘अ’ मात्र मोठाच, कारण तो पहिला शब्द. एपीए पद्धतीच्या संदर्भसूचीत मात्र पुस्तकाच्या नावातला पहिला शब्द, उपशीर्षकाचा पहिला शब्द आणि विशेषनामं एवढ्यांनाच मोठं अक्षर. एमएलए पद्धतीत सूचीतही मजकुरासारखंच. पुस्तकाचं नाव दोन्हीकडे तिरप्या टायपात. थोडक्यात, घरोघरी रीत वेगळी. एक रीत धरा आणि शेवटपर्यंत तीच पाळा.

पण रीत पाळताना बाई हरवू देऊ नका. एपीए सूचीत आडनाव आणि आद्याक्षरं एवढंच येतं. ‘शिंदे, टी.’ वाचून ही बाई आहे हे कुणाला कळणार? म्हणून मजकुरात पूर्ण नाव लिहा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रीवादी लेखिका बेल हुक्स आपलं नाव मुद्दाम लहान अक्षरांत लिहीत. माणसापेक्षा लिखाणाकडे लक्ष जावं म्हणून. ते ‘दुरुस्त’ करून मोठं करणं ही शिस्त नव्हे, तिचं म्हणणं पुसून टाकणं आहे.

आणि आपल्या पुस्तिका? कितींवर साल नसतं, गाव नसतं, कुणी लिहिलं ते नसतं. मग उद्या संदर्भ द्यायचा तरी कसा? ताराबाईंचं पुस्तक कित्येक वर्षं विस्मरणात गेलं होतं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशित केलं, तेव्हा ते नव्याने वाचलं जाऊ लागलं. आपल्या लिखाणाला दर वेळी असं कुणी भेटेलच असं नाही.

तेव्हा पुढच्या पुस्तिकेपासून मुखपृष्ठावर पूर्ण शीर्षक आणि आत लेखिकांची पूर्ण नावं, गटाचं नाव, गाव आणि साल, एवढं छापायचंच. काम आपण केलं, ते आपल्या नावाने सापडलंही पाहिजे.