रसायनशास्त्राची पदवी हाती आल्यावर
(माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



बारावीनंतर काय, या प्रश्नाची चर्चा घरोघरी होते. बी.एस्सी.नंतर काय, याची मात्र फारशी होत नाही. निकाल लागतो, पेढे वाटले जातात आणि जो अर्ज आधी भरला गेला असेल तोच निर्णय ठरतो. हैदराबादेत रसायनशास्त्राच्या पदवीधराला दोन्ही दारे जवळच दिसतात. एकीकडे जीडिमेटला, पाशमैलारम येथील औषधांचे कारखाने. दुसरीकडे उस्मानिया, १९७४ साली स्थापन झालेले केंद्रीय विद्यापीठ आणि तारनाक्याची भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था. त्यामुळे निवड सोपी वाटते. ती तशी नाही.

कारखान्यातील पहिली नोकरी बहुधा गुणनियंत्रण विभागात मिळते. आलेल्या कच्च्या मालाचा नमुना घ्यायचा, टायट्रेशन करायचे, एचपीएलसी यंत्रावर तपासायचा आणि प्रत्येक आकडा त्याच क्षणी नोंदवायचा. चूक झाली तर खाडाखोड नाही. एकच आडवी रेघ, शेजारी सही आणि तारीख. पाळी सकाळची असो वा रात्रीची, नियम तोच. ही शिस्त महाविद्यालयात अंगी बाणत नाही, म्हणून या नोकरीला कमी लेखणे योग्य नव्हे. परंतु तीनचार वर्षांनी एक भिंत आडवी येते. संशोधन विभागात जायचे तर बहुतेक ठिकाणी एम.एस्सी. विचारतात आणि स्वतंत्रपणे संशोधन चालवायचे तर पीएच.डी. म्हणून नोकरी स्वीकारताना पगाराइतकेच हेही विचारावे, की वर्षभर एकाच यंत्रावर बसवणार, की निरनिराळी कामे शिकू देणार?

उच्च शिक्षणाविषयीही गैरसमज आहेत. नोकरी मिळाली नाही म्हणून एम.एस्सी., हे त्यांतील सर्वांत दुबळे कारण. दोन वर्षांनी तोच प्रश्न अधिक वयाने पुढे उभा राहतो. ज्यांना आयआयटी किंवा बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था खुणावते, त्यांनी फेब्रुवारीत होणाऱ्या जॅम परीक्षेची तयारी पदवीच्या शेवटच्या वर्षातच करावी लागते. निकालानंतर विचार सुरू करणाऱ्याचे एक वर्ष हातचे जाते. ‘पीएच.डी. म्हणजे आणखी पाच वर्षे घरचा खर्च’ असे मानणाऱ्या पालकांना हेही ठाऊक असावे, की नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवणाऱ्यास २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. ती थोड्यांनाच मिळते, हेही तितकेच खरे.

घराघरांत मुलाला सांगतात, आता कमवायला लाग. मुलीला सांगतात, स्थळ जमेपर्यंत शिक. या दोन्ही सल्ल्यांचा रसायनशास्त्राशी काडीचा संबंध नाही! कमला भागवत, म्हणजे पुढे कमलाबाई सोहोनी आणि दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी, १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिल्या आल्या. वडील आणि काका दोघेही बंगळुरूच्या त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. तरीही केवळ स्त्री म्हणून संचालक रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अटींवर प्रवेश मिळाला, १९३६ साली एम.एस्सी. आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. झाली. आपल्याला तेथे का जायचे आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आपल्या शहरातील डॉ. अंजी रेड्डी यांनी मुंबईच्या यूडीसीटीत शिक्षण घेऊन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९६९ साली पीएच.डी. मिळवली, पण त्यानंतर सरकारी औषध कंपनीत नोकरी केली. स्वतःच्या नावाची कंपनी उभी राहिली ती १९८४ साली. शिक्षण आणि नोकरी एकमेकींच्या सवती नव्हेत, एवढे तरी यावरून दिसते.

मग कौल कोणाला लावायचा? मुलांच्या प्रात्यक्षिकांकडे पाहावे. तयार झालेला पदार्थ अपेक्षेपेक्षा निम्माच भरला, तर काही जण आकडा लिहून मोकळे होतात. काहींना मात्र उरलेला निम्मा कोठे गेला, या विचाराने झोप लागत नाही. या दुसऱ्यांना शिकू द्यावे, थोडी ओढाताण सोसूनही. आणि तीन वेळच्या टायट्रेशनचे आकडे तंतोतंत जुळल्यावर ज्याचा चेहरा उजळतो, तो उत्तम विश्लेषक होईल, त्याच्यावर एम.एस्सी. लादू नये.

घरावर कर्ज असेल तर नोकरी आधी, यात कमीपणा कसला? फक्त परतीची तारीख ठरवून कागदावर लिहावी. ‘पुढे बघू’ म्हणणाऱ्याच्या मागे गाडीचा हप्ता लागतो, लग्न होते, आणि कार्बनी अभिक्रियांच्या वह्या माळ्यावर जातात. सव्विसाव्या वर्षी पुन्हा वर्गात बसणे अवघड असते, अशक्य नसते.

या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत आहेत. त्यांपैकी प्रत्येकाने वर्षातून एक शनिवार द्यावा आणि शाळेतून गेलेल्या, पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्या दोनतीन मुलामुलींना, जेथे परवानगी मिळेल तेथे, आपले काम प्रत्यक्ष दाखवावे. इच्छुकांसाठी नोंदवही कार्यालयात आजपासून ठेवली आहे.