खांदेरीची जागल



यवतमाळच्या मास्तराने आरमारावर बोलावे, हे जरा धारिष्ट्याचेच काम. आपल्या जिल्ह्याला वर्धा आहे, पैनगंगा आहे. पण समुद्र म्हणाल तर तो इथून पाचशे किलोमीटरांहून दूर. आपल्यातल्या कितीकांनी तो अजून पाहिलेलाही नसेल. तरीपण आज मी आपल्याला एका बेटावर नेणार आहे.

मागे एकदा कॉलेजची मुले घेऊन मी अलिबागला गेलो होतो. तिथून जवळच थळ नावाचे गाव आहे. किनाऱ्यावर उभे राहिले की समोर दोन बेटे दिसतात. अलीकडचे, बसके, ते उंदेरी. पलीकडचे, दोन टेकड्यांचे, ते खांदेरी. एक मुलगा बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, एवढ्याशा खडकावर बसून राजाले काय भेटत होतं?" मी काही बोलण्याआधीच दुसऱ्याने उत्तर दिले, "अरे, वावरात जागलीले मचान लागते ना, तसंच हाय हे."

खरे सांगतो, माझ्या तासाभराच्या व्याख्यानात जे आले नसते, ते त्या पोराने एका वाक्यात सांगितले.

आता, जागल कशाची करायची होती? शिवाजी महाराजांनी स्वराज्याचे आरमार उभे केले. १६६४ मध्ये मालवणपाशी सिंधुदुर्गाचा पाया घातला. पण कोकणच्या उत्तर भागात जंजिऱ्याचा सिद्दी ठाण मांडून होता. तो मोगलांचा हस्तक. किनाऱ्यावरची गावे लुटायची, माणसे धरून न्यायची आणि पावसाळा आला की मुंबईत, इंग्रजांच्या आश्रयाला, माझगावला जहाजे नेऊन ठेवायची, असा त्याचा क्रम. मुंबई आणि जंजिरा यांच्या वाटेवर, मुंबईच्या अगदी तोंडाशी, हे खांदेरी. तिथे आपला माणूस बसला, म्हणजे इंग्रजांवरही नजर आणि सिद्दीवरही. नेमके हेच त्या दोघांना नको होते. १६७२ मध्ये महाराजांनी तिथे बांधकामाला हात घातला, तेव्हा विरोधामुळे ते सोडून द्यावे लागले.

सात वर्षांनी, १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस, मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला आणि त्याने तट घालायला सुरुवात केली. इंग्रजांनी निरोप पाठवला, "बेट आमचे आहे, चालते व्हा." मायनाकाचे म्हणणे सरळ होते: धन्याच्या हुकमाने आलो आहे, त्याच्याच हुकमाने जाईन.

सप्टेंबरात पहिली चकमक झाली. इंग्रजांचा लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरू पाहत होता. तो मारला गेला. मग १८ ऑक्टोबरचा दिवस उजाडला. इंग्रजांची 'रिव्हेंज' नावाची मोठी फ्रिगेट, बरोबर लहान गलबते, कॅप्टन मिंचिन आणि केग्विन हे सेनानी. पहाटेच्या सुमारास नागावकडून दौलतखानाची चाळीसच्या वर गलबते चालून आली. इंग्रजांचे एक गुराब, 'डव्ह' त्याचे नाव, मराठ्यांनी पकडले. पण 'रिव्हेंज' धीराने लढली आणि दौलतखानाला मागे हटावे लागले. तेव्हा त्या दिवशी जिंकले कोण, असे कुणी विचारले तर मी म्हणेन, समोरासमोरच्या लढाईत आपली सरशी झाली असे नाही. खांदेरी जिंकली ती निराळ्या रीतीने.

श्रोतेहो, इकडे जरा लक्ष द्या. बेटावरच्या ठाण्याचे मर्म त्याच्या तटात नसते. जागल्या मचाणावर कितीही धीट असो, घरून शिदोरी आली नाही तर तो किती रात्री काढील? खडकावर ना शेत, ना बाजार. धान्य, दारूगोळा, चुना, लाकूड सारे किनाऱ्यावरून यायचे. इंग्रजांनी हे ओळखले आणि बेटाभोवती पहारा बसवला. पण त्यांची जहाजे खोल बुडाची, वाऱ्यावर चालणारी. वारा पडला की जागच्या जागी उभी. आपल्या होड्या उथळ बुडाच्या, वल्ह्यांच्या. काळोख पडला की त्या थळच्या किनाऱ्यावरून निघायच्या, पहाऱ्यातून निसटायच्या, माल उतरवायच्या आणि परतायच्या. पाठलाग करावा तर उथळ पाण्यात इंग्रजांची जहाजे जाणार कशी? दर रात्री होड्या येत होत्या आणि दर दिवशी तट थोडा वर चढत होता. ज्यांची नावे कोणत्याही कागदात नाहीत, अशा त्या वल्हेकऱ्यांनी खांदेरी राखली, असे मला वाटते.

शेवटी कंपनीला खर्च झेपेना. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी महाराजांशी समेट केला आणि खांदेरी स्वराज्यात राहिली. मात्र सिद्दीही स्वस्थ बसला नव्हता. त्याच जानेवारीत त्याने शेजारच्या उंदेरीवर आपले ठाणे घातले. म्हणजे आपल्या मचाणासमोर त्याने आपले मचाण बांधले! मग या दोन बेटांमध्ये तोफांचे बोलणे वर्षानुवर्षे चालू राहिले.

पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात या ठाण्याचा दरारा शिगेला पोचला. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून खांदेरीवर चालून गेला, आणि हात हलवीत परत आला. कान्होजी १७२९ मध्ये वारले. त्यानंतर भाऊबंदकी सुरू झाली. १७५६ मध्ये, विजयदुर्गापाशी, तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. जाळणारे इंग्रज होते आणि त्यांना बोलावणारे आपलेच पेशवे होते. हे सांगताना जीभ अडखळते, पण इतिहासाच्या शिक्षकाने ते गाळू नये. त्या दिवसानंतर किल्ले उभेच होते, तट शाबूत होते, पण आरमार गेले आणि बेटांचे नुसते खडक राहिले. गाव आपसात भांडत बसले की जागल्याच्या हाकेला ओ देणार कोण?

१८६७ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर दीपगृह बांधले. पुढे आपल्या वऱ्हाडाचा कापूस यवतमाळहून शकुंतला गाडीने मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला आणि मुंबईहून बोटीने विलायतेला जाऊ लागला. मुंबई बंदराची वाट दाखवणाऱ्या दिव्यांत एक दिवा खांदेरीचा होता. तेव्हा श्रोतेहो, समुद्र आपला नाही असे कसे म्हणावे? आपल्या घामाचे मोल त्याच वाटेने जात होते.

आता या बेटाला १९९८ पासून कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. 'खांदेरी' नावाची पाणबुडी १९६८ मध्ये आपल्या नौदलात आली. ती निवृत्त झाल्यावर त्याच नावाची दुसरी २०१९ मध्ये दाखल झाली. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटले, त्यांत खांदेरी आहे. गौरव झाला, आनंद आहे. पण २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर चालून आलेले मारेकरी समुद्रानेच आले होते, हेही विसरता येत नाही. बेटावरची जागल जुनी होत नाही. मचाण बदलते, एवढेच.

परवा तोच मुलगा भेटला. आता तो शेती करतो. सोयाबीनमध्ये रानडुकरे शिरतात, म्हणून रोज रात्री जागलीला जातो. मी विचारले, "शिदोरी कोण आणून देते रे?" तो हसून म्हणाला, "माय पाठवते ना, सर. तिच्याशिवाय रात निघते का?"

खांदेरीचा सारा इतिहास यात आला.