फलक कंपनीचा, पत्र ठेकेदाराचे
(भुसावळ येथे रेल्वे व पोस्ट कामगारांच्या कुटुंबमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या महिन्यात आमच्या यार्डातला एक पॉइंट्समन युनियनच्या ऑफिसात आला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून म्हणाला, "दादा, पोराचं नेमणूकपत्र आलंय, जरा वाचून द्या." मुलगा आयटीआय झालेला फिटर. ज्या कारखान्यात मुलाखत झाली, त्याच्या फाटकावर 'नोकरीसाठी सर्वोत्तम ठिकाण' असा मोठा फलक आहे. मुलाने फलकापुढे उभे राहून फोटो काढला आणि आईला पाठवला. शेजारीपाजारी सर्वांनी पाहिला.

पत्र मात्र त्या कारखान्याचे नव्हतेच. वर नाव होते मनुष्यबळ पुरवणाऱ्या एका ठेकेदाराचे. मुदत अकरा महिने. कामाचे ठिकाण 'गरजेनुसार'. बाप विचारू लागला, "मग तो फलक खोटा का?" मी म्हटले, फलक खरा असेल. पण तो फलक तुझ्या पोराविषयी काही सांगत नाही.

हे बोलणे त्याला तितकेसे पटले नाही. मलाही ते एका वाक्यात नीट सांगता आले नाही. म्हणून आज जरा विस्ताराने सांगतो.

या याद्यांचे मूळ अमेरिकेत आहे. १९८४ साली लेव्हरिंग, मॉस्कोविट्झ आणि कॅट्झ या लेखकांनी अमेरिकेतील नोकरीसाठी चांगल्या शंभर कंपन्यांवर पुस्तक काढले. हे लोक स्वतः कंपन्यांत हिंडले, माणसांशी बोलले. पुढे यातून एक संस्था उभी राहिली आणि १९९८ पासून 'फॉर्च्यून' मासिकात दरवर्षी यादी येऊ लागली. आपल्याकडेही ते लोण आले. आता या संस्थेची पद्धत अशी : कंपनीने स्वतःहून नाव नोंदवायचे, शुल्क भरायचे. मग कर्मचाऱ्यांकडे प्रश्नावली जाते, साहेब विश्वासार्ह आहेत का, न्यायाने वागवतात का वगैरे. शिवाय व्यवस्थापन आपल्या योजनांची फाइल तयार करून देते. दोन्ही मिळून गुण. परीक्षेला बसायचे की नाही हे विद्यार्थ्यानेच ठरवायचे आणि फीही त्यानेच भरायची, अशी ही परीक्षा. जो बसलाच नाही तो नापास नव्हे, हेही ध्यानात घ्या. आपली रेल्वे आणि आपले पोस्ट अशा याद्यांत दिसत नाहीत. तरी २०१९ साली रेल्वेच्या लेव्हल एकच्या १ लाख ३ हजार जागांसाठी एक कोटीहून जास्त अर्ज आले होते. (त्यांची परीक्षा २०२२ च्या ऑगस्टात सुरू झाली, ही गोष्ट वेगळी. त्या तीन वर्षांत किती मुलांची वयोमर्यादा उलटली, ते या सभागृहातल्या आयांना विचारा.)

प्रश्नावली गुप्त असते, उत्तरे खरी असतात, असे आपण धरून चालू. तरी ती जाते कोणाकडे? कंपनीच्या पटावर ज्यांची नावे आहेत त्यांच्याकडे. त्याच छताखाली, त्याच मशीनवर काम करणारा ठेकेदाराचा माणूस त्या पटावर नसतो. कंटाळून गेल्या वर्षी सोडून गेलेलाही नसतो. म्हणजे जे आत आहेत आणि टिकले आहेत त्यांचे मत आपल्याला कळते. तेही मत काही फुकट नाही. ज्या मुलीला पटावरची, कार्यालयातली नोकरी मिळणार आहे, तिने यादी जरूर पाहावी. बाळंतपणाची रजा मागताना तिथे तोंडे वाकडी होतात की नाही, याचा थोडाफार अंदाज येईल. पण फिटरच्या पोराला त्यातून काय कळणार?

दुसरी गोष्ट. आजचे समाधान उद्याची हमी देत नाही. एन्रॉन हे नाव कोकणात अजून कोणी विसरलेले नाही. गुहागर तालुक्यात दाभोळच्या वीज प्रकल्पावरून केवढे रण माजले, ते तुमच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. त्या प्रकल्पामागची मूळ अमेरिकन एन्रॉन कंपनी २००० साली 'फॉर्च्यून'च्या त्या शंभरांत होती. कामगारांनी तिथे बरे गुण दिले असतील आणि ते प्रामाणिकपणेच दिले असतील. पण हिशेबाच्या वह्यांत काय शिजते आहे हे त्यांना तरी कुठे ठाऊक होते? डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. सुमारे चार हजार लोक लगोलग घरी बसले. त्यांच्या निवृत्तिनिधीतला अर्ध्याहून अधिक पैसा कंपनीच्याच शेअरमध्ये होता. वर्षभरापूर्वी नव्वद डॉलरच्या आसपास असलेला शेअर एका डॉलरच्या खाली गेला. नोकरी आणि म्हातारपणाची पुंजी एकाच दिवशी गेली. १ जानेवारी २००४ नंतर रेल्वेत, पोस्टात लागलेल्या आणि बाजाराशी बांधलेल्या पेन्शनवर वर्षानुवर्षे भांडत आलेल्या मंडळींना हे अधिक फोड करून सांगायला नको.

आता अलीकडचे बोलू. 'फोर्ब्स' मासिक जगातील उत्तम मालकांची यादी काढते. तिची पद्धत निराळी. तिथे कंपनीमार्फत न जाता निरनिराळ्या देशांतील नोकरदारांना परस्पर विचारतात की तुमची कंपनी दुसऱ्याला सुचवाल का, आणि तुमच्या धंद्यातल्या इतर कंपन्यांबद्दल काय मत आहे. २०२० ते २०२३ अशी सलग चार वर्षे या यादीत पहिला नंबर सॅमसंगचा होता.

त्याच २०२० सालच्या मे महिन्यात सॅमसंगचे सर्वेसर्वा ली जे-याँग यांनी कोरियात जाहीर माफी मागितली होती आणि यापुढे आमच्याकडे 'युनियन नको' हे धोरण राहणार नाही, असे सांगितले होते. म्हणजे तोवर ते होते! माफी मे महिन्यात आणि पहिला नंबर त्याच वर्षी.

सप्टेंबर २०२४ मध्ये चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर येथील सॅमसंगच्या कारखान्यात हजारावर कामगार संपावर गेले. हे लोक टीव्ही, फ्रीज, धुलाई यंत्रे बनवतात. मागण्या जुन्याच : पगारवाढ, कामाचे तास आणि सर्वांत वर, आमच्या युनियनला मान्यता द्या. संप ३७ दिवस चालला. युनियनची नोंदणी व्हायला जानेवारी २०२५ उजाडले, तेही मद्रास उच्च न्यायालयापर्यंत जाऊन. १९२६ च्या कायद्याने जो हक्क शंभर वर्षांपूर्वी दिला, तो जगातल्या पहिल्या नंबरच्या मालकाकडे मागायला सदतीस दिवसांचा पगार घालवावा लागला. पुढच्याच महिन्यात तीन पदाधिकारी निलंबित झाले आणि पुन्हा आंदोलन पेटले.

'फोर्ब्स'ने लबाडी केली असे मी म्हणत नाही. निरनिराळ्या देशांतल्या लाखभर लोकांना विचारले की नामांकित कंपनीला मते पडणारच. घरातला टीव्ही दहा वर्षे बिघडला नाही, तर माणूस म्हणतो, कंपनी चांगली. श्रीपेरुंबुदूरच्या लाइनवर उभे राहणाऱ्या कामगाराचा आवाज त्या लाखांत कितीसा ऐकू येणार?

बाहेरच्यांबद्दल पुष्कळ बोललो, आता घरचे बोलतो. काही मित्रांना आवडणार नाही. उद्या कोणी पोस्टात प्रश्नावली घेऊन आले आणि फक्त खात्याच्या कर्मचाऱ्यांना विचारून गेले, तर ग्रामीण डाक सेवक कुठे राहिला? चार-पाच तासांच्या भत्त्यावर वाडीवस्तीची टपाल वाहणारा, खात्याच्या पेन्शनीबाहेरचा माणूस. आणि रेल्वेत? डबे धुणारा, फलाट झाडणारा ठेकेदाराचा कामगार आपल्या किती सभासदांना नावाने ठाऊक आहे? आपण त्याला युनियनच्या सभेलाही बोलावत नाही. मग यादी करणाऱ्यांनी त्याला विचारले नाही, अशी तक्रार करताना जीभ जरा अडखळते.

तर मुलांनो, तुम्ही काय करावे? पहिले, नेमणूकपत्रावर कोणाचे नाव आहे ते बघा. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या कामगार संहितांना बहुतेक मध्यवर्ती संघटनांचा विरोध आहे आणि तो रास्त आहे. पण लेखी नेमणूकपत्र द्यायलाच हवे ही तरतूद त्यांत आहे, ती वापरा. मग पाळी सुटायच्या वेळी फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास बसा. ओळखपत्राच्या फिती किती रंगांच्या आहेत ते मोजा. जादा कामाचे पैसे कोणत्या दराने मिळतात, शेवटचा वेतनकरार कधी झाला, कोणाशी झाला, हे विचारा. करार झालाच नसेल तर तेही उत्तरच आहे. आणखी एक सोय आहे, तिची फार कमी लोकांना माहिती असते. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेचे नाव शोधले की कोणत्या महिन्याचा भरणा कोणत्या तारखेला झाला आणि किती कामगारांचा झाला, ते कोणालाही दिसते. ठेकेदाराचेही दिसते. एका महिन्यात चारशे आणि पुढच्या महिन्यात दीडशे असा आकडा नाचत असेल, तर अकरा महिन्यांची मुदतही खरी धरू नका.

पॉइंट्समनच्या मुलाने हे सगळे केले. टपरीवर त्याला दोन रंगांच्या फिती दिसल्या, निळ्या कमी, पिवळ्या जास्त. ठेकेदाराचा निधीचा भरणा उशिरा का होईना, पण होत होता. जादा कामाचा दर त्याने लेखी मागितला. आठ दिवस उत्तर आले नाही, मग आले. काल त्याने सही केली. घरी धाकटी बहीण नर्सिंगला आहे, तिची फी भरायची आहे. रेल्वेचा फॉर्म भरला आहे, पण त्या परीक्षेची तारीख कोणाला ठाऊक? जाताना पत्राची एक प्रत युनियनच्या ऑफिसात ठेवून गेला. फाईलवर मी त्याचे नाव आणि मुदत संपण्याची तारीख घातली आहे.