कागदावर निजलेले संगीत

आकाशवाणीची संकेतधून ज्याने ऐकली नाही असा मराठी मनुष्य विरळाच. पेडणे तालुक्यातील धारगळसारख्या गावी भल्या पहाटे चुलीवर आधण चढलेले असावे, गोठ्यात हालचाल सुरू झालेली असावी, आणि रेडिओवरून तंबोऱ्याच्या साथीने व्हायोलिनची ती सुरावट कानी पडावी, हा क्रम कित्येक घरांतून वर्षानुवर्षे चालत आला. मात्र इतक्या ओळखीच्या या सुरावटीचा कर्ता कोण, हा प्रश्न फारच थोड्यांच्या मनात आला असेल.

या धुनेचे कर्तृत्व सामान्यतः ज्यांच्याकडे दिले जाते ते वॉल्टर कॉफमन हे बोहेमियातील कार्ल्सबाड येथे १९०७ साली जन्मलेले ज्यू संगीतकार. बर्लिन व प्राग येथे त्यांचे शिक्षण झाले. भारतीय संगीताच्या तबकड्या त्यांनी प्रथम ऐकल्या तेव्हा त्यांना त्यातले काहीही उमगले नाही. तथापि दोष त्या संगीताचा नसून आपल्या कानांचा आहे, हे त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले. पुढे जर्मनीत हिटलरची सत्ता आली. १९३४ साली कॉफमन मुंबईस येऊन उतरले आणि सुमारे बारा वर्षे तेथेच राहिले. मुंबई नभोवाणी केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग त्यांनी सांभाळला. झुबिन मेहता यांचे वडील मेहली मेहता यांच्यासारख्या वादकांना सोबत घेऊन त्यांनी 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' चालविली. याच काळात, भारतीय रागांचा अभ्यास करीत असता, त्यांनी लहान वाद्यसंचासाठी व मोठ्या वाद्यवृंदासाठी पुष्कळ रचना लिहिल्या.

१९४६ साली त्यांनी भारत सोडला. पुढे कॅनडात विनिपेगच्या वाद्यवृंदाचे ते संचालक झाले आणि शेवटी अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात अध्यापक. उत्तर व दक्षिण हिंदुस्थानातील रागांवर त्यांनी मोठे ग्रंथ लिहिले. १९८४ साली त्यांचा देहान्त झाला. विद्वान म्हणून त्यांचे नाव राहिले, संगीतकार म्हणून मात्र ते विस्मृतीत गेले. त्यांच्या हस्तलिखितांचे गठ्ठे विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून राहिले.

असे का व्हावे? याचे उत्तर त्या संगीताच्या जातीतच आहे. पेडण्याच्या देवळात चालणारे भजन एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. नातू आजोबांच्या शेजारी बसून टाळ धरतो आणि अभंगाची चाल त्याच्या कानात आपोआप बसते. कागद हरवला तरी चाल हरवत नाही. परंतु गाणारा शिष्य न ठेवता गेला, तर चालही त्याच्याबरोबर जाते. वाद्यवृंदाच्या रचनेचे नेमके उलट आहे. ती संपूर्ण कागदावर असते. प्रत्येक वादकासाठी तिची निराळी पाने उतरून काढावी लागतात. साठ-सत्तर वादक, संचालक, तालमींचे दिवस आणि या सर्वांचा खर्च, एवढे जुळून येईल तेव्हाच ती बोलते. तोपर्यंत ती मरत नाही हे खरे. पण ती निजून असते.

अशा निजलेल्या रचनांना जागे करण्याचे काम पूर्वीही झालेले आहे. योहान सेबास्टिअन बाख १७५० साली वारले. त्यांचे संत मॅथ्यूच्या शुभवर्तमानावरील भव्य समूहगान पुढे जवळजवळ विस्मरणात गेले होते. वीस वर्षांच्या मेंडेलसोनने ते १८२९ साली बर्लिनमध्ये पुन्हा सादर केले आणि बाखकडे पाहण्याची जगाची दृष्टीच पालटली. त्या काळी सभागृहात जितके बसले होते तितक्यांनीच ते ऐकले. आज ध्वनिमुद्रणामुळे एकदा झालेली जागृती घरोघर पोचते.

कॉफमन यांच्या बाबतीत हेच घडले. नाझी राजवटीने परागंदा केलेल्या संगीतकारांच्या रचना शोधून वाजविण्याचे व्रत घेतलेल्या टोरांटोच्या 'आर्क एन्सेम्बल' या वाद्यसंचाने २०२० साली त्यांच्या निवडक रचनांचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले. चार तंतुवाद्यांसाठीच्या दोन रचना, व्हायोलिन व पियानोसाठीची सोनाटा, सात वाद्यांची एक रचना असा तो संग्रह आहे. घाट युरोपचा, परंतु आतून भारतीय स्वरांची चाहूल लागते. त्यानंतर बर्लिनच्या रेडिओ वाद्यवृंदाने डेव्हिड रॉबर्ट कोलमन यांच्या संचालनाखाली त्यांची 'इंडियन सिम्फनी' ध्वनिमुद्रित केली. ज्या शहरात हा तरुण शिकला आणि ज्या शहरातून निघालेल्या फर्मानांनी त्याच्यासारख्यांना देशोधडीस लावले, त्याच शहरातील वादकांनी मुंबईच्या वास्तव्यातील त्याची कृती वाजवावी, यात एक प्रकारची परतफेड आहे.

या कथेचे एक टोक गोव्यातही सापडते. माजोर्डे गावी १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील नामांकित व्हायोलिनवादक. १९५८ साली त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात सुमारे शंभर वादकांचा 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. सारंग, तोडी यांच्या आधारे वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या त्यांच्या रचना होत्या; लता मंगेशकर व मन्ना डे यांचे गायन त्या उपक्रमाला लाभले. गोन्साल्विस २०१२ साली वारले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या चित्रपटातील एका गीतात गुरूचे नाव गोवले, ते आज पोरासोरांनाही ठाऊक आहे. गोवा विद्यापीठातील पाश्चात्त्य संगीताच्या अध्यासनालाही तेच नाव आहे. परंतु त्यांची एखादी रचना ऐकलेला मनुष्य मात्र शोधावा लागतो! नाव राहिले, संगीत राहिले नाही, अशी ही स्थिती.

आणि ज्यांचे नावही राहिले नाही, त्यांचे काय? गोव्याच्या चर्चच्या शाळांतून पिढ्यानपिढ्या मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकविले गेले. तेथल्या मेस्त्रांनी उपवासकाळात गाण्यासाठी मोतेत रचले, मिस्सेसाठी गायने रचली. ती वह्यांतून उतरली गेली. त्या वह्या कोठे चर्चच्या कपाटात, कोठे घरच्या पेटाऱ्यात आहेत. चार महिन्यांचा पाऊस, दमट हवा आणि वाळवी यांना संगीत कळत नाही. एक वही गेली की तिच्यातील रचना निजलेलीही राहत नाही, ती कायमची जाते.

बर्लिनचा वाद्यवृंद या वह्यांसाठी येणार नाही. परंतु त्यांना त्याची गरजही नाही. एका वहीची नक्कल करून ठेवण्यास एक माणूस पुरेसा आहे. तीन आवाज आणि एक व्हायोलिन जमले की मोतेत गाता येतो. आणि आज ध्वनिमुद्रणाचे साधन तर प्रत्येकाच्या खिशात आहे. ज्यांच्या घरी अशी वही असेल त्यांनी ती या पावसाळ्यापूर्वी बाहेर काढावी, वाचता येणाऱ्याला दाखवावी आणि एकदा तरी गाववून घ्यावी. कॉफमन यांचे कागद टिकले म्हणून पुढे कोणाला ते वाजविता आले. कागद टिकविणे हे पहिले काम. वाजविणारे पुढे केव्हा तरी येतातच.