झिजत्या स्नायूंना व्यायाम किती?
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



व्यायामाचे गुणगान या व्यासपीठावरून अनेकवार झाले आहे. आज आम्ही तो कोठे आवरावा, याविषयी बोलणार आहोत.

आपल्या ज्ञातीतील एक निवृत्त शिक्षक. प्रथम त्यांना सदऱ्याची बटणे लावता येईनात, पुढे हातातून पेला निसटू लागला. हा पक्षघातच, अशा समजुतीने चिरंजीवांनी रबरी चेंडू आणला व तो सकाळ-संध्याकाळ शंभर शंभर वेळा दाबण्याचा नेम घालून दिला. हात वाळतच चालला. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा मास्तर मुलादेखत म्हणाले, "मी आळस करीत नाही हो, हात ऐकत नाही." ते वाक्य आमच्या मनातून अद्याप गेलेले नाही.

पुढे निदान झाले ते अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरॉसिस या व्याधीचे. पॅरिसच्या शार्को या विख्यात डॉक्टरांनी १८६९ पासून तिचे वर्णन केले. मेंदू व मज्जारज्जू यांतून स्नायूंना हुकूम पोचविणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. स्पर्श कळतो, डोळे फिरतात, पुष्कळांची बुद्धीही शाबूत असते. मेलेल्या पेशीकडील स्नायुतंतू शेजारची जिवंत पेशी काही काळ सांभाळते; म्हणजे एका गड्याच्या अंगावर चार गड्यांचे काम! पक्षघातानंतर सरावाने काही शक्ती परत येते, तशी गेलेली शक्ती येथे येत नाही. दमल्या स्नायूला राबवून पदरी थकवाच पडतो.

मग अंथरुणास खिळून राहावे काय? मुळीच नाही. न हलविलेला खांदा आखडतो, आणि त्याचे दुखणे दुर्बलतेहूनही जाचक होते. इस्रायलमध्ये २५ रोग्यांवर झालेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात काहींना रोज दोनदा पंधरा-पंधरा मिनिटांचा बेताचा व्यायाम दिला होता. तीन महिन्यांनी त्यांची घसरण इतरांहून कमी दिसली. सहा महिन्यांनी मात्र तो फरक ठामपणे उरला नाही. रोगी थोडे, म्हणून मोठा निष्कर्ष काढू नये. तथापि बेताच्या हालचालीला भिण्याचे कारण नाही, इतके त्यावरून समजते.

बेत ओळखावा कसा? व्यायामानंतर अर्ध्या तासाहून अधिक काळ थकवा राहिला, किंवा दुसऱ्या दिवशी अंग दुखले, तर तो अति झाला असे समजावे व कमी करावा. घरातल्या घरात चालणे, तेही दम लागण्यापूर्वी थांबून, पुष्कळ झाले. उरलेले काम घरच्यांचे. रोग्याला उताणे निजवून एका हाताने त्याचे कोपर व दुसऱ्याने मनगट सांभाळावे, आणि दुखणार नाही इतपतच हात सावकाश डोक्याकडे न्यावा. हाताला धरून ओढून उठविणे सर्वथा वर्ज्य. टाचेमागची शीर ताणण्यासाठी पाऊल हलकेच वर वळवून वीस-तीस सेकंद धरावे. बोटे आत वळू लागतात, म्हणून त्यांना मिटविणारा चेंडू नको. हलक्या हाताने ती उघडावीत. तेलाच्या मालिशीने बरे वाटते, पण तिने स्नायू भरून येत नाही.

ही सेवा बहुधा पत्नीच्या किंवा सुनेच्या माथी येते. पुरुषमंडळींनी केवळ समाचारास बसून उपदेश करण्याऐवजी तीत वाटा उचलावा, असे आम्हांस स्पष्ट सांगावेसे वाटते.

आणखी एक. आडवे झाल्यावर दम लागू लागला किंवा सकाळी डोके जड राहू लागले, तर श्वासाचे स्नायू थकत असण्याचा संभव असतो. अशा वेळी व्यायाम न वाढविता डॉक्टरांस त्वरित दाखवावे. रात्री मुखवट्यातून श्वासाला साहाय्य करणारे यंत्र आज मिळते, आणि पुष्कळांना त्याने झोप व आयुष्य दोन्ही लाभतात.

मास्तरांच्या घरचा चेंडू आता नातवाकडे गेला आहे. दिवेलागणीनंतर चिरंजीव वडिलांचा खांदा फिरवितात आणि मास्तर त्यांच्या चुका काढतात. हात कसा धरावा हे शब्दांनी नीट सांगता येत नाही. ज्यांच्या घरी आवश्यकता असेल त्यांनी सभेनंतर थांबावे, आम्ही प्रत्यक्ष करून दाखवू.