पाणी कुणाच्या नळाचं तपासलं?

(बीड इथं तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण)



मी कवी नाही, पुढारी नाही. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करणारा माणूस आहे. दिवसभर माझ्यापुढं बाटल्या असतात. कुठल्या आडाच्या, कुठल्या बोअरच्या, कुठल्या टाकीच्या. हे पाणी प्यायला चालेल की नाही, एवढंच मी सांगायचं. म्हणजे या देशात हजारो वर्षं जे काम धर्मशास्त्रवाले करत होते ते आता माझ्या टेबलावर आलंय. हसू नका. शुद्ध काय नि अशुद्ध काय हे ठरवण्याची सत्ता लहान नसते. त्या सत्तेवरच मी आज बोलणार आहे.

२० मार्च १९२७. महाड. बाबासाहेब चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्यायले. मागून हजारो माणसं प्यायली. हे तुम्हाला पाठ आहे. पुढचं ऐका. त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, तेव्हा ते बाटलं नव्हतं. माणसं प्यायली आणि तळं बाटलं. मग शुद्धीकरण निघालं. तळ्यातून एकशेआठ घागरी पाणी बाहेर काढलं. दही, दूध, शेण, गोमूत्र घागरींत भरून त्या तळ्यात बुडवल्या. वर मंत्र. झालं तळं शुद्ध!

आता माझ्या टेबलावरून बघा. भारतीय मानक आयएस १०५०० म्हणतं, पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलीलिटरमध्ये ई-कोलाय नावाचा जंतू एकसुद्धा सापडता कामा नये. हा जंतू राहतो कुठं? माणसाच्या नि जनावराच्या आतड्यात. म्हणजे शेणात असतोच. आपल्या बापजाद्यांनी ओंजळ लावली तेव्हा तळ्याचं काही बिघडलं नाही. ज्यांनी शेण कालवलं त्यांनी ते बिघडवलं. जगातली कुठलीही प्रयोगशाळा त्या दिवशी हाच रिपोर्ट देईल. पण रिपोर्ट लिहिणारा हात त्यांचा होता. कोर्टात आपल्याला दहा वर्षं झगडावं लागलं. १९३७ साली मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला तेव्हा कुठं ते प्रकरण मिटलं.

तेव्हा विटाळ आणि दूषण हे दोन शब्द डोक्यात वेगळे ठेवा. विटाळ कुठल्याच बाटलीत दिसत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. तो बघणाऱ्याच्या डोक्यात असतो. दूषण बाटलीत दिसतं, मोजता येतं, आणि कुठून आलं ते शोधता येतं. विटाळाची चौकशी करायची नसते. दूषणाची करायची असते. आपल्यावर पहिला शब्द लादला आणि दुसरा आपल्यापासून लपवला, असं माझं म्हणणं आहे. कसा लपवला ते सांगतो.

आधी तपासणी समजून घ्या. एक छोटी बाटली येते, तिला एचटूएसची बाटली म्हणतात. १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या मांजा, मौर्य आणि राव या तिघांनी ही सोपी पद्धत जगापुढं मांडली. आत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. पाणी खुणेपर्यंत भरायचं, झाकण लावायचं, बाटली उबेला ठेवायची. मैल्यातले काही जंतू गंधकाचा वायू सोडतात, तो पट्टीतल्या लोहाला भिडतो आणि पाणी काळं पडतं. काळं पडलं म्हणजे पाण्यात मैला शिरल्याचा संशय पक्का धरायचा. वीज नको, सूक्ष्मदर्शक नको, मोठी डिग्री नको. दहावी शिकलेली आपली पोरगी हे करू शकते.

दुसरी तपासणी क्लोरिनची. गावात टीसीएल पावडर टाकतात ना, तिचा अंश नळाच्या शेवटच्या टोकापर्यंत उरला पाहिजे. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम. औषधाचे दोन-तीन थेंब टाकले की रंग येतो, तो तक्त्याशी जुळवायचा. मिनिटाचं काम. रंगच आला नाही तर पाण्याला राखण करणारं कुणी उरलेलं नाही असं समजा. आणि टीसीएलची पिशवी उघडी, ओलीत पडलेली असली तर तिच्यातला क्लोरिन उडून गेलेला असतो. मग ती पावडर म्हणजे नुसता चुना. रजिस्टरवर मात्र ‘टीसीएल टाकले’ असं लिहिलेलं असतं.

आता मुद्द्यावर येतो. बाटली खोटं बोलत नाही. पण बाटली कुठं भरली, यावर सगळं आहे.

आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. बीड शहराला माजलगाव आणि बिंदुसरा या धरणांचं पाणी, तरी दोन पाळ्यांमधले दिवस मोजत बसावं लागतं. खेड्यांचं तर विचारूच नका. आता पाणी बंद असतं तेव्हा पाईपात काय होतं? दाब उतरतो, पाईप रिकामा होतो. जिथं फट असेल तिथून तो बाहेरचं आत ओढतो. बाहेर गटार असलं तर गटार ओढतो. पाळीच्या दिवशी तेच सगळ्यात आधी नळातून येतं. म्हणून आपल्या बाया पहिल्या दोन घागरी ओतून देतात. त्यांना हे शास्त्र कुणी शिकवलेलं नाही.

आणि पाईपाच्या शेवटच्या टोकाला कोण राहतं? गावाचा नकाशा काढा. टाकी कुठं? ग्रामपंचायतीजवळ, देवळाजवळ, वरच्या अंगाला. वस्ती कुठं? खालच्या अंगाला, जिथं गावाचं गटार उतरतं तिथं. ही जागा आपण निवडली नव्हती. म्हणजे पाणी सगळ्यात शेवटी आपल्याकडं पोचतं आणि सांडपाणी सगळ्यात आधी. मनूच्या पुस्तकाला आता कुणी हात लावायला नको, पाईपलाईनच ते काम करते.

मी एका गावाचं सांगतो, नाव घेत नाही. त्या गावाचे नमुने बरेच महिने स्वच्छ येत होते. पण वस्तीत लेकरं हगवणीनं आजारी पडत होती. मी लेबलं बघितली. नमुना घेतल्याचं ठिकाण दर वेळी एकच, टाकीखालचा नळ. वस्तीतल्या एका म्हातारीला विचारलं तर म्हणाली, “बाबा, ते साहेब येत्यात, टाकीपाशी बाटली भरत्यात, च्या पित्यात अन् जात्यात. आमच्या नळाला वास मारतोय हे टाकीला कसं कळावं?” बघा. सगळ्या प्रयोगशाळांचं शास्त्र तिनं एका वाक्यात सांगितलं. पुढं वस्तीतल्या शेवटच्या नळाची बाटली भरली. ती रातोरात काळी पडली. टाकी स्वच्छ होती हे खरं, रिपोर्टही खरा होता. फक्त तो आपल्या पाण्याचा नव्हता.

आणखी एक खाच आहे. क्लोरिन असलेल्या पाण्याचा नमुना साध्या बाटलीत भरला, तर क्लोरिन वाटेतही जंतू मारत राहतो आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत घाण पाणी स्वच्छ होऊन बसतं. म्हणून बाटलीत सोडियम थायोसल्फेट आधी टाकावं लागतं, ते क्लोरिनला तिथंच थांबवतं. बाटली निर्जंतुक हवी, बर्फाच्या पेटीतून यायला हवी, चोवीस तासांच्या आत लावायला हवी. आणि प्रयोगशाळेनं स्वतःलाही तपासायचं असतं. माहीत असलेलं निर्जंतुक पाणी घेऊन तीच सगळी क्रिया करायची. त्यात जंतू उगवले तर दोष गावाच्या पाण्यात नाही, आपल्या हातात आहे. याला कोरा नमुना म्हणतात. विज्ञानाचा हा गुण मला फार आवडतो. दुसऱ्याला घाण म्हणण्याआधी ते स्वतःचे हात तपासतं. धर्मशास्त्रानं असा कोरा नमुना कधी लावला होता का?

आता जरा लांब जाऊ. तामिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात वेंगैवयल नावाचं गाव आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या दलित वस्तीच्या पाण्याच्या टाकीत माणसाची विष्ठा सापडली. लेकरं आजारी पडली तेव्हा कळलं. तपास सीबी-सीआयडीकडं गेला. डीएनए तपासणीसाठी ज्यांचं रक्त मागितलं त्यांत बरेच जण वस्तीतलेच होते. जानेवारी २०२५ मध्ये आरोपपत्र आलं, तेही वस्तीतल्याच तिघांवर. वस्तीनं ते मानलेलं नाही. पाणी आपलं नासलं, रक्तही आपलंच तपासलं.

१९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. दलित-आदिवासींच्या वापरातलं पाणी घाण करणं हा त्यात गुन्हा आहे. पण कोर्टाला पुरावा लागतो. तेव्हा असा संशय आला की आधी टाकी धुवायची घाई करू नका. लोकांना पाणी बंद करा, पंचांसमक्ष नमुना घ्या, सील करा, वेळ लिहा, मग टाकी धुवा. रागाच्या भरात टाकी धुतली की गुन्हाही धुतला जातो.

आता काहीजण म्हणतील, जार आणतो, आरओ बसवतो. परवडत असेल तर घ्या. पण घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर फेकतो. दुष्काळी बीडमध्ये हे फेकलेलं पाणी कुणाच्या वाट्याचं? २०१६ साली केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, हे विसरू नका. आम्ही प्रयोगशाळावालेही धुतल्या तांदळासारखे नाही. ऊर्ध्वपातित पाणी करायच्या यंत्रात एका लिटरसाठी कित्येक लिटर थंड पाणी मोरीत जातं. ते टाकीत धरलं तर भांडी धुवायला, फरशीला, झाडांना पुरतं. धरायला एक नळी नि एक पिंप लागतं. इच्छा असली की झालं.

आणि काळी पडलेली एचटूएसची बाटली तशीच उकिरड्यावर फेकायची नाही. तिच्यात जंतूंची फौज वाढलेली असते. टीसीएलच्या दाट पाण्यात भिजवून मारायची, मगच ओतायची. कचरा वेचणारी आपलीच माणसं आहेत.

एवढंही पुरत नाही. १९७२ च्या दुष्काळापासून मराठवाडा बोअर खोल खोल नेतोय. खोल पाण्यात कुठं फ्लोराईड असतं. नांदेडच्या किनवट भागात दात नि हाडं त्यानं खाल्ली. उथळ पाण्यात खताचं नि सांडपाण्याचं नायट्रेट उतरतं. मानक सांगतं, फ्लोराईड लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत, नायट्रेट ४५. हे एचटूएसच्या बाटलीत दिसत नाही, आणि उकळून जात नाही. उकळलं तर पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. त्याला प्रयोगशाळाच लागते. ती आपल्या करातून चालते, तिथं बाटली घेऊन जाणं हा आपला हक्क आहे.

एक माणूस या सगळ्या हिशेबातून सुटतो. ऊसतोड कामगार. दिवाळीनंतर बीडमधून बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. फडाच्या कडेला कोपी, कालव्याचं नाहीतर विहिरीचं पाणी. गावाकडच्या नळाचा रिपोर्ट गावात राहतो, माणूस सहा महिने भलतंच पाणी पितो. त्या कोपीवर एचटूएसची बाटली कोण नेणार? सरकारनं न्यावी म्हणून मोर्चा काढूच. तोवर आपल्या पोरांनी पिशवीत दहा बाटल्या टाकाव्यात.

१८५४ साली लंडनमध्ये पटकी आली. कॉलऱ्याचा जंतू कॉखनं दाखवायला अजून तीसेक वर्षं होती. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरनं घरोघर फिरून मेलेल्यांची टिपणं केली, नकाशावर खुणा केल्या. खुणा एका पंपाभोवती गोळा झाल्या. त्यानं पंपाचा दांडा काढायला लावला. माणसं खराब हवेनं मरतात असं शहाणे म्हणत होते. नकाशा म्हणाला, पाण्यानं.

मित्रांनो, आपल्याला तेच करायचंय. प्रत्येक शाखेनं आपापल्या वस्तीचा नकाशा काढावा. टाकी कुठं, वॉल्व्ह कुठं, गटार पाईपाला कुठं ओलांडतं, शेवटचा नळ कुणाच्या दारात. महिन्यातून एकदा पाळीच्या दिवशी शेवटच्या नळावर क्लोरिन बघा, एचटूएसची बाटली भरा. तारीख, वेळ, ठिकाण, दोन साक्षीदार. ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्रोतांवरून लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. हिरव्या कार्डाच्या गावात आपली बाटली काळी पडली, तर ती ग्रामसभेच्या टेबलावर ठेवा. भाषण करू नका. नुसती ठेवा. आणि विचारा, साहेब, तुम्ही पाणी कुणाच्या नळाचं तपासलं?

बाबासाहेबांनी आपल्याला तळ्यापर्यंत नेलं. पाणी पिण्याचा हक्क त्यांनी मिळवून दिला. ते पाणी स्वच्छ आहे की नाही हे आपल्या हातानं ठरवायचं काम आपल्यावर आहे.

जयभीम.