वहीतला बारा अक्षरी नंबर

मागच्या महिन्यात आमच्या गटात एका नंबरावरून मोठी कटकट झाली, तीच आज सांगतो.

आमच्या ऑफिसच्या वायफायवर फक्त यादीतले फोन चालतात. यादीत घालायचा असतो तो फोनचा मॅक नंबर. सचिवताईंनी घरी बसून आपल्या फोनमधला नंबर वहीत उतरवून आणला, आम्ही तो यादीत घातला, पण ऑफिसात फोन काही जोडेना. कर्जाच्या हप्त्यांच्या नोंदी तीन दिवस अडल्या. ताई सातवी शिकलेल्या. त्यामुळे उतरवताना त्याच चुकल्या, असं आम्ही सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मग वही आता दुसरीकडे द्या."

तेव्हा कुठे आम्ही तो नंबर नीट वाचायला बसलो. बारा अक्षरं, दोन-दोनच्या सहा जोड्या, मधे दोन टिंबं किंवा आडवी रेघ. आकडे ० ते ९ आणि इंग्रजी अक्षरं फक्त ए ते एफ. म्हणजे यात 'ओ' कधीच नसतो. गोल दिसलं की ते शून्यच. बँकेच्या आयएफएससी कोडात पहिली चार अक्षरं बँकेची असतात ना, तशा इथे पहिल्या तीन जोड्या कंपनीच्या. त्या आयईईई नावाची संस्था कंपन्यांना वाटून देते. उरलेल्या तीन कंपनी घालते, प्रत्येक नगाला वेगळ्या.

ताईंच्या वहीतला नंबर 'डीए'पासून सुरू होत होता. मेख तिथेच होती. दुसऱ्या जागी २, ६, ए किंवा ई असेल, तर तो नंबर कंपनीचा नसतो, फोनने स्वतः तयार केलेला असतो. अँड्रॉइड १० पासून बहुतेक फोन प्रत्येक वायफायला असा वेगळा नंबर दाखवतात, कुणी आपला माग काढू नये म्हणून. सोय चांगलीच आहे. पण घरच्या वायफायला दाखवलेला नंबर ऑफिसात कसा चालणार? ताईंनी अक्षर न् अक्षर बरोबर उतरवलं होतं!

मग फोनमध्ये ऑफिसच्या वायफायचं सेटिंग उघडलं, प्रायव्हसीत 'डिव्हाइस मॅक' निवडलं आणि तो मूळ नंबर यादीत घातला. फोन लगेच लागला. (हा नंबर म्हणजे पासवर्ड नव्हे, पण उगाच वाटत फिरायचीही वस्तू नाही.)

पुढच्या बैठकीत आम्ही ताईंची माफी मागितली, आणि ती इतिवृत्तात घ्या म्हणालो. लिहिली त्यांनीच. वही त्यांच्याकडेच आहे.